स्पर्शगुरूंचा डावा हात

मेलेलं पुन्हा उठत नाही, हा सृष्टीचा नियम आहे. तो नियम पाणीपट्टी कार्यालयाच्या तळमजल्यावर, भर कामाच्या वेळी, शे-दीडशे साक्षीदारांच्या देखत मोडला गेला. साक्षीदारांपैकी बहुतेकांना फक्त पाण्याचं बिल भरायचं होतं.

सकाळपासून सर्व्हर बंद होता. सर्व्हर म्हणजे काचेच्या दारामागच्या थंड खोलीत, लोखंडी कपाटात आडवं ठेवलेलं एक चपटं यंत्र. गावातल्या प्रत्येक नळाचा हिशेब त्याच्या पोटात. ते बंद पडलं की सगळ्या खिडक्यांवरच्या संगणकांचे पडदे काळे होत, कारकून हातावर हात ठेवून बसत आणि रांग दारातून बाहेर पायऱ्यांवर उतरे. गेले काही महिने हे वरचेवर होऊ लागलं होतं.

"सरका, सरका! वाट द्या!" शिपाई ओरडला.

पांढऱ्या लांब कोटातले स्पर्शगुरू आत आले. ते नेमके जवळपासच होते. प्रत्येक वेळी ते नेमके जवळपासच असत, आणि याचंही लोकांना कौतुक होतं.

"यंत्र म्हणजे काय?" काचेच्या दारात उभे राहून त्यांनी गर्दीला विचारलं. "यंत्र म्हणजे झोपलेली चेतना! आणि शरीर म्हणजे काय? शरीर म्हणजे जागं यंत्र!"

गर्दीने माना डोलावल्या. ही वाक्यं उलटी करून म्हटली असती तरी तेवढाच अर्थ निघाला असता, म्हणजे काहीच नाही. पण रांगेत तासभर उभं राहिलेल्या माणसाला कुठलंही वाक्य खोल वाटतं.

स्पर्शगुरूंनी डोळे मिटले. उजवा हात कपाटावर ठेवला, बोटं फाकवली. डावा हात कोटाच्या खिशात होता. बाहेर कुणीतरी खोकलं, त्याला चौघांनी गप्प केलं. गुरूंच्या कपाळावर आठी पडली, ओठ हलले आणि कपाटातून एकदम घोंघावणारा आवाज उठला. पंखे फिरले. हिरवे दिवे लुकलुकले. थोड्या वेळाने एकेक खिडकी उजळली.

टाळ्या पडल्या. एका बाईंना रडू आलं. कार्यालयाचे साहेब हात जोडून पुढे झाले आणि गुरूंच्या पायाशी वाकायला गेले, पण गुडघा आखडलेला असल्यामुळे मध्येच थांबले.

"मग आता पावती मिळेल का?" रांगेतल्या पहिल्या आजोबांनी विचारलं.

खोलीच्या कोपऱ्यात, स्वेटर घालून, सर्व्हरबाई उभी होती. तिचं खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर होतं. तिथून ते बाहेर कधी आलं नाही. हे यंत्र सांभाळणं हीच तिची नोकरी. तिने सकाळपासून समोरचं बटण चौदा वेळा दाबलं असेल, केबल काढून पुन्हा घातली होती, प्लग बदलला होता. यंत्र ढिम्म हललं नव्हतं. आता ते तिच्यासमोर मजेत घोंघावत होतं. तिला आश्चर्य वाटायला हवं होतं, निदान लाज तरी. दोन्हीपैकी काही वाटलं नाही.

थंड खोलीत फार वेळ बसलं की आधी बोटांची टोकं बधिर होतात, मग कान. आई गेल्यापासून सर्व्हरबाईचं बाकीचंही तसंच झालं होतं.

साहेबांचं मात्र सगळं जागं झालं होतं. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की वरच्या मजल्यावरचं सभागृह दर आठवड्याला स्पर्शगुरूंना मोकळं करून देण्यात येईल. "नागरिकांच्या आरोग्यासाठी," ते म्हणाले. पाणीपट्टी कार्यालयाचा आरोग्याशी संबंध काय, असं कुणी विचारलं नाही. बंद यंत्राला जो उठवतो त्याला तुमचा गुडघा म्हणजे काय, डाव्या हाताचा मळ!

खिडकी नंबर तीनवरचा कारकून सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होता. तो सर्व्हरबाईचा मोठा भाऊ. त्याने हे अगदी जवळून, काचेला नाक लावून पाहिलं होतं.

*

भावाला मधुमेह होता. दिवसातून दोनदा पोटात सुई टोचून घ्यावी लागे. त्यातच नव्या बुटाने उजव्या पायाची करंगळी चावली, तिथे फोड आला, फोडाची जखम झाली आणि जखम भरेना. डॉक्टरांनी साखर काबूत ठेवायला बजावलं होतं. नाहीतर करंगळी काढावी लागेल, आणि ते दुखणं करंगळीपाशी थांबेल अशी हमी देता येणार नाही, असंही ते म्हणाले होते.

बहीण-भाऊ एकाच घरात राहत. त्या संध्याकाळी सर्व्हरबाईने फ्रिज उघडला, तर औषधाच्या कुप्या होत्या तशाच होत्या.

"दादा, इंजेक्शन घेतलंस?"

"नाही."

"सकाळचं?"

"बंद केलीत मी."

वहिनी ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. "मी एक अक्षर बोलणार नाही," ती म्हणाली. "या घरात माझं ऐकतंय कोण? तुम्हीच विचारा तुमच्या भावाला. कालपासून त्या पायाला वास येतोय, पण मी बोलणार नाही."

"डॉक्टरांना विचारलंस का, दादा?"

"डॉक्टरांनी आईचं काय केलं?"

सर्व्हरबाईने फ्रिज बंद केला. दादा खुर्चीत बसला होता, पाय स्टुलावर. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"सगळ्या सुया झाल्या, सगळ्या नळ्या झाल्या. तूच सह्या करत होतीस. शेवटी काय झालं? स्पर्शगुरूंनी परवा पायावर हात ठेवला. म्हणाले, बाहेरून ढकललेल्या औषधाने शरीर आळशी होतं. आतली चेतना जागी केली की झालं. चांगलं गरम लागलं मला."

"हात गरमच असतो, दादा."

"आणि सर्व्हर? तो पण गरम हाताने चालू झाला?" दादा पुढे वाकला. "तू शिकलीस ना हे कॉलेजात? मग सांग. तू बटण दाबलंस, चालू झाला?"

"नाही."

"वायरी बदलल्यास, चालू झाला?"

"नाही."

"त्यांनी हात लावला, झाला?"

"झाला."

"कसा?"

"मला माहीत नाही."

"मग झालं तर," दादा म्हणाला आणि त्याने टीव्ही लावला.

'मला माहीत नाही' हे उत्तर अगदी खरं होतं. अडचण एवढीच की खरं उत्तर दिसायला फार किरकोळ दिसतं. 'मला माहीत नाही' आणि 'चमत्कार झाला' यांच्या मध्ये एक मोठं मैदान असतं. तिथे जाऊन शोधाशोध करायची असते. दादा ते मैदान एका उडीत ओलांडून पलीकडे पोचला होता आणि तिथे त्याला पुष्कळ सोबत होती.

सर्व्हरबाई आपल्या खोलीत जाऊन पडली. भाऊ पायाने जाणार, कदाचित जिवाने जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. पण ते दुसऱ्या कुणाच्या तरी घरात चाललेलं असावं तसं दिसत होतं, काचेपलीकडून.

*

वरच्या मजल्यावरचं सभागृह भरू लागलं. दमेकरी आले, पाठदुखीवाले आले, मूल होत नाही म्हणून आले, आणि झालेलं मूल अभ्यास करत नाही म्हणूनही आले. स्पर्शगुरू एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत, डोळे मिटत आणि म्हणत, "प्रवाह अडलाय." सगळ्यांचाच प्रवाह अडलेला असे. एका सभेत त्यांनी चुकून शिपायाच्याच डोक्यावर हात ठेवला, तर त्याचाही अडलेला निघाला. तो बिचारा चहा घेऊन आला होता.

कुणाला शंका आली की उत्तर तयार असे. "सर्व्हर पाहिलास ना?" पाहिला होता. मग प्रश्न संपला.

अशात नवा सर्व्हर आला. एक बंद पडला तर दुसरा असावा म्हणून सर्व्हरबाईने खूप आधी मागणी लिहून ठेवली होती. ती मागणी सह्यासह्यांतून फिरत फिरत आता फळाला आली होती.

"आता याची गरज आहे का?" खोक्याकडे पाहून साहेबांनी विचारलं. "आपले गुरू आहेत की."

"आलाय तर लावते, साहेब."

"लावा. पण मध्ये यायला नको त्यांच्या."

सुटीच्या दिवशी, कार्यालय रिकामं असताना, तिने खोकं फोडलं. यंत्र जुन्या यंत्राच्याच घराण्यातलं होतं, त्याच कंपनीचं, फक्त नवं. तिने ते मोकळ्या टेबलावर ठेवलं. जुनं यंत्र कपाटात होतं आणि कपाट भिंतीला जवळजवळ टेकलेलं होतं, त्यामुळे जुन्याची मागची बाजू तिने कधी धड पाहिलीच नव्हती. ती नोकरीला लागली तेव्हा ते असंच बसवलेलं होतं. नव्याची पाठ तिच्याकडे होती.

तिने प्लग लावला. समोरचं बटण अजून दाबलं नव्हतं. पंखे गप्प, पडदा काळा, यंत्र पूर्ण बंद. आणि मागे, एका कोपऱ्यात, इतर भोकांपासून जरा वेगळं असं एक भोक होतं. त्याच्या शेजारी एक बारका हिरवा दिवा लुकलुकत होता.

सर्व्हरबाई वाकून त्या दिव्याकडे बघत राहिली. यंत्र झोपलेलं, आणि आत कुणीतरी जागं.

माहितीपुस्तकात ते साध्या शब्दांत दिलं होतं. अशा प्रत्येक यंत्राच्या पोटात दुसरा एक छोटा संगणक असतो. मोठा बंद असला तरी प्लगमध्ये वीज आहे तोवर छोटा जागा राहतो, रखवालदारासारखा. त्याला स्वतःची वेगळी तार लागते आणि स्वतःचा वेगळा पत्ता. यंत्र सांभाळणारा माणूस दुसऱ्या खोलीत असो की घरी, त्याने त्या रखवालदाराला निरोप पाठवायचा आणि रखवालदाराने यंत्र चालू करायचं, बंद करायचं. एवढंच.

पुढे ठळक अक्षरांत सूचना होत्या. कारखान्यातून येणारा पासवर्ड सगळ्यांना ठाऊक असतो, तो पहिल्या दिवशी बदला. रखवालदाराची तार इतरांच्या तारांत मिसळू नका. कुणाला आत घ्यायचं ते ठरवा आणि बाकीच्यांना दार बंद करा.

तिने लॅपटॉप जोडला, रखवालदाराला पत्ता दिला, कारखान्याचा पासवर्ड घालून आत गेली. पडद्यावर ओळीने पर्याय उभे राहिले. चालू करा. बंद करा. आणि त्याखाली, जरा बारीक अक्षरांत: समोरचं बटण निकामी ठेवा.

सर्व्हरबाईने तो पर्याय निवडला आणि उठून यंत्राचं समोरचं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. केबल काढून घातली. ढिम्म. मग लॅपटॉपवर 'चालू करा' दाबलं. पंखे घोंघावले.

तिने स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या आणि ती जुन्या कपाटाकडे गेली. भिंत आणि कपाट यांच्यातल्या फटीत मोबाईलचा उजेड टाकला. धुळीत काळ्या-निळ्या तारांचा गुंता होता. त्यातच एक पिवळी तार, वेगळ्या भोकातून निघून खाली जाणारी, थेट कार्यालयातल्या संगणकांच्या रोजच्या जाळ्यात शिरलेली. तिच्यावर कागदाची चिकटपट्टी होती: 'काढू नये'.

ते कार्यालय तसं शिस्तीचं. ज्यावर 'काढू नये' लिहिलंय ते तिथे कुणी काढत नसे, आणि का काढू नये हेही विचारत नसे. जिन्याखाली 'हलवू नये' अशी पाटी लावलेलं एक मोडकं टेबल कित्येक साहेब आले-गेले तरी जागचं हललं नव्हतं. पिवळी तार त्याच न्यायाने शाबूत होती.

जुन्या रखवालदाराचा पत्ता शोधायला तिला फारसा वेळ लागला नाही. तिने कारखान्याचाच पासवर्ड घातला. यंत्र बसवल्यापासून तो कुणीही बदलला नव्हता. दार उघडलं. समोरचं बटण निकामी ठेवण्याची खूण करून ठेवलेली होती.

म्हणजे हे असं होतं. खिशात मोबाईल. मोबाईल कार्यालयाच्या वाय-फायला जोडलेला. एक बोट दाबलं की यंत्र पडतं, पुन्हा दाबलं की उठतं. आणि गुरू दर वेळी नेमके जवळपास का असत, तर ते वाय-फाय समोरच्या दुकानाच्या पायरीपलीकडे पोचत नव्हतं.

सगळ्यांनी उजवा हात पाहिला होता.

तिला आनंद झाला नाही. रागही आला नाही. "अच्छा," ती रिकाम्या खोलीत म्हणाली, एवढंच.

*

"दादा, सापडलं," तिने घरी येऊन सांगितलं. सगळं सांगितलं. वहिनी हातातलं काम टाकून ऐकत उभी राहिली.

दादाने शांतपणे ऐकून घेतलं. त्याचा चेहरा उतरला होता, ओठ कोरडे पडले होते, तो सारखं पाणी पीत होता.

"तू तारेने केलंस," तो म्हणाला.

"हो."

"ते तारेशिवाय करतात. तोच तर फरक आहे."

"अहो, तार आहे म्हणतायत ना त्या!" वहिनी न राहवून म्हणाली. "डोळ्यांनी पाहिली त्यांनी!"

"तू मध्ये बोलणार नव्हतीस ना?" दादा म्हणाला. "तार असेल गं. कपाटामागे शंभर तारा असतात. त्यांना तारेची गरज आहे हे कुठे सिद्ध झालं? मी त्यांना तारेकडे ढुंकूनही बघताना पाहिलेलं नाही."

सर्व्हरबाईने विचार केला. दादाचं म्हणणं मूर्खपणाचं नव्हतं. उलट, एवढ्या दिवसांत त्याने पहिल्यांदाच बरोबर जागी बोट ठेवलं होतं. गुरूला तारेची गरज आहे हेच दाखवायला हवं होतं.

पासवर्ड लगेच बदलून टाकणं सोपं होतं. पण मग यंत्र पुन्हा कधी पडलंच नसतं, आणि त्याचंही श्रेय त्या हातालाच गेलं असतं: कायमचं बरं केलं म्हणून. म्हणजे यंत्र एकदा पडू द्यायला हवं. तोवर थांबायला हवं. आणि थांबायचं कुणाच्या भरवशावर, तर त्या करंगळीच्या. ती आता कडेने काळी दिसू लागली होती.

"एक कबूल कर," ती म्हणाली. "पुढच्या वेळी ते यंत्र उठवायला येतील. तू माझ्या शेजारी उभा राहा. ते तारेकडे वळले नाहीत तर मी पुन्हा इंजेक्शनचं नाव काढणार नाही. वळले तर तिथून सरळ दवाखान्यात."

"वळणार नाहीत," दादा म्हणाला.

*

फार थांबावं लागलं नाही. पुढच्या सभेला साहेबांनी वरिष्ठांना बोलावलं होतं, त्यामुळे त्या दिवशी यंत्राने पडणं क्रमप्राप्तच होतं. खिडक्या उघडून जेमतेम रांग लागली असेल नसेल, तोच पंखे थांबले. पडदे काळे झाले.

"गेला!" शिपाई ओरडला. त्याच्या आवाजात काळजीपेक्षा उत्साह जास्त होता.

सर्व्हरबाईने लॅपटॉप उघडला, रखवालदाराकडे गेली, पासवर्ड बदलला आणि लॅपटॉप मिटून काखेत मारला. यंत्र तिने तसंच बंद राहू दिलं. मग खिडकी नंबर तीनवर जाऊन दादाला हात धरून आणलं. तो लंगडत आला.

गुरू जवळपासच होते.

"यंत्र म्हणजे काय?" त्यांनी सुरुवात केली. वरिष्ठ पुढे सरकले. काचेबाहेर माना उंचावल्या. उजवा हात कपाटावर, बोटं फाकलेली, डोळे मिटलेले. डावा खिशात.

काही झालं नाही.

गुरूंनी श्वास सोडला, पुन्हा घेतला. खिशातल्या हाताचं कोपर जरासं हललं. पुन्हा हललं. कपाट गप्प.

"इथे कुणाच्या तरी मनात शंका आहे," गुरू डोळे मिटूनच म्हणाले. "शंकेने प्रवाह तुटतो."

"माझ्या मनात आहे," सर्व्हरबाई म्हणाली. "मी बाहेर जाऊ?"

साहेबांनी तिला डोळे वटारून हाताने 'जा' म्हटलं. ती काचेबाहेर जाऊन उभी राहिली, रांगेतल्या लोकांमध्ये. शंका बाहेर गेली तरी कपाट गप्पच.

आता गुरूंनी डोळे उघडले. त्यांनी खिशातला मोबाईल हळूच अर्धा बाहेर काढून पाहिला. मग काही क्षण कपाटाकडे पाहिलं, आणि सवयीपुढे माणूस हरला. त्यांनी कपाट जरा पुढे ओढलं आणि आडवे होऊन ते मागच्या फटीत शिरले. पांढऱ्या कोटावर धुळीचा पट्टा उठला. त्यांनी हात खाली घातला आणि शंभर तारांच्या त्या गुंत्यातली नेमकी पिवळी तार चाचपली. नीट बसलीय का ते दाबून पाहिलं. काढली, फुंकर मारली, पुन्हा घातली.

दादा बघत होता.

आणि दारात फडकं-बादली घेऊन उभ्या असलेल्या सफाईच्या मावशी एकदम म्हणाल्या, "अगं बाई! ही पाठ ओळखीची आहे!"

"मावशी, गप्प बसा," साहेब म्हणाले.

"गप्प काय बसा? हा तो वायरवाला! हे यंत्र बसवलं तेव्हा किती दिवस असाच कपाटात मुंडकं खुपसून बसायचा. तोंड कधी दिसलंच नाही मेल्याचं. मी फरशी पुसायला आले की तेवढा एकेक पाय उचलायचा." त्यांनी बादली खाली ठेवली आणि पूर्वीच्याच चालीवर हाक मारली, "ए वायरवाल्या, पाय उचल!"

कपाटामागे वाकलेल्या स्पर्शगुरूंनी उजवा पाय उचलला.

मग कुणीतरी फिसकन हसलं. गुरूंनी पाय खाली ठेवला, पण फार उशीर झाला होता. कार्यालयाला त्यांची फक्त पाठ माहीत होती, आणि इतके दिवस त्यांनी कार्यालयाला फक्त तोंड दाखवलं होतं.

सर्व्हरबाई आत आली. तिने टेबलावर लॅपटॉप उघडला.

"दादा, कपाटावर हात ठेव."

"मी?"

"ठेव. कुठलाही."

दादाने हात ठेवला. तिने एक कळ दाबली. यंत्र घोंघावलं. दादाने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

तिने यंत्र रीतसर बंद केलं. "मावशी, तुमचं फडकं टाका त्यावर."

मावशींनी ओलं फडकं कपाटाच्या दाराला टेकवलं. यंत्र पुन्हा घोंघावलं.

"म्हणजे माझ्या फडक्यालाही गुण आहे!" मावशी म्हणाल्या. "आणा कुणाचे गुडघे आहेत ते!"

साहेब आपला गुडघा मागे घेऊन उभे राहिले.

सर्व्हरबाईने मग सगळ्यांना सांगितलं: आतला छोटा संगणक, पिवळी तार, न बदललेला पासवर्ड, निकामी केलेलं बटण, खिशातला मोबाईल. तिचा आवाज सपाट होता, रेल्वेच्या वेळा सांगितल्यासारखा. सांगून झालं तेव्हा काचेबाहेरून आजोबांनी विचारलं, "मग खिडक्या सुरू झाल्या का?"

झाल्या होत्या. गर्दी वळली आणि बिलं भरायला गेली. चमत्काराला टाळ्या वाजवणाऱ्या त्याच माणसांनी आपापली जागा पकडली, आणि 'माझा नंबर पुढे होता' यावरून थोडी बाचाबाची झाली. त्या गडबडीत स्पर्शगुरू निघून गेले. सभागृहात बसलेल्या दमेकऱ्यांना कुणीतरी वर जाऊन सांगेपर्यंत ते तसेच बसून होते. त्यातले काही जण सांगितल्यावरही बसले.

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?" साहेबांनी सर्व्हरबाईला विचारलं.

"मला आधी माहीत नव्हतं, साहेब."

"हं. चौकशी समिती नेमू." ते जरा घुटमळले. "तो नवा पासवर्ड सोपा ठेवा. मला लक्षात राहील असा."

"तुम्हाला तो लागणार नाही, साहेब," ती म्हणाली.

*

दवाखान्याच्या बाकावर दोघं शेजारी बसली. वहिनी आत केसपेपर काढत होती, खिडकीवरच्या माणसाशी भांडत.

"पाय गरम लागला होता गं मला," दादा म्हणाला. "खरंच लागला होता."

"लागला असेल."

"मग आईला कुणी का नाही वाचवलं?"

"त्या आजारावर औषध नव्हतं, दादा. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. तेव्हाही आपल्याला ऐकायचं नव्हतं." ती समोरच्या भिंतीकडे पाहत बोलत होती. "ज्याला औषध नाही त्याला नाही. पण तुझ्या आजाराला आहे. ते फ्रिजमध्ये आहे. डॉक्टरांना सगळं येत नाही म्हणून ज्याला काहीच येत नाही त्याच्याकडे जायचं, हा कुठला हिशेब?"

दादाने दुखरा पाय जरा पुढे पसरला.

"कसं झालं ते कळलं नाही, तर 'कळलं नाही' म्हणायचं. आणि मागे जाऊन बघायचं. एक हात दाखवत असतील तर दुसरा कुठे आहे ते बघायचं. एवढंच आहे हे सगळं. फार हुशारी लागत नाही. कपाट हलवायचे कष्ट लागतात, ते मी एवढी वर्षं घेतले नाहीत."

आतून नाव पुकारलं गेलं. दादा उठला. उठताना त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, तोल सांभाळायला. हात गरम होता. ताप असावा, असं तिच्या मनात आलं, आणि खूप दिवसांनी तिला भीती वाटली.

करंगळी काढावी लागली. बाकीची जखम नंतर भरली. औषधाने भरते तशी, हळूहळू.